केसभर

पिले गावात पहाटे साडेतीनला माझा फोन वाजतो :
ओलावा ब्याऐंशी.
सेन्सर मीच बसवलाय मामाच्या खिडकीत,
सार्डिनच्या रिकाम्या डब्यात, कोळिष्टकांशेजारी.
धावत जाते सांगायला, मामा ऊठ, काडी आता मऊ आहे,
तर तेल्मो मामा आधीच ओणवा,
छाती ठोकळ्यावरच्या उशीला टेकलेली,
दोन्ही हात खाली,
विहिरीत वाकून कुणाला हाक मारावी तसा.
"ओठाला कळतं," म्हणतो.
तोकियाची काडी ओठावरून ओढतो आणि थुंकतो.
माझ्या डब्याला ओठ नाहीत.

धुकं आहे तोवर विणायचं.
ऊन पायरीवर आलं की काडी तडकते
आणि टोपी ओल्या फडक्याखाली जाते.
नवव्या वर्षापासून हेच.
डाव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं, काडी चिरायला;
लग्नातही कापलं नव्हतं.

आता उजव्या डोळ्यात सारा आलाय.
म्हणून फोनला भिंग लावलं, फोन जुन्या टीव्हीला जोडला.
पडद्यावर त्याची बोटं उतरली टेकडीएवढी.
"कुठल्या म्हाताऱ्याची ही?" म्हणून हसला
आणि मग बराच वेळ हसला नाही.
पहिले दोन दिवस बोटं उलटी पळत होती,
डावं उजवीकडे, उजवं डावीकडे.
पोर्तोव्हिएहोत चार वर्षं शिकले मी,
आणि चित्र उलटं दिसतंय हे त्याने सांगितलं.

मग ओळी मोजणारा प्रोग्रॅम लिहिला.
व्यापारी फाखार्दो मोजतो आगपेटीच्या काडीने,
आणि इंचामागे दोन-तीन ओळी
त्याच्या काडीखाली कायम हरवतात.
माझा प्रोग्रॅम हरवत नाही.
चुकेल तिथे लाल चौकट काढतो, बस्स.

एका कोरड्या दुपारी मामाने उशीचा अभ्रा आणला.
आत क्लोदोमिरा मामीची टोपी :
माथा पूर्ण, कड चार बोटं,
पुढे सगळ्या काड्या मोकळ्या लोंबणाऱ्या.
अकरा वर्षं.
"हीपण मोज."

एकेचाळीस.
मी पुन्हा मोजायला लावलं. एकेचाळीस.
मामाने मान हलवली नाही,
भाव ठाऊक असलेल्या गिऱ्हाइकासारखा उभा.

माथ्याच्या उताराला एक लाल चौकट.
दोष : परका धागा.

मोठं केलं. अजून मोठं केलं.
केस होता. काळा.
दोन काड्यांखालून, एकीवरून, परत दोन खालून,
वीण जशी गेली तसाच तोही गेलेला,
नखभर लांब, एकदाही न चुकता.

मामीच्या हाताबद्दल गाव म्हणायचं,
केसभरही इकडचं तिकडे नाही.

मामाने काचेवर बोट ठेवलं.
मग टोपीवर, तिथेच, पण हाताला काही लागेना.
पुन्हा काचेवर.
मी म्हटलं, चिमट्याने निघेल.
म्हटलं, प्रोग्रॅमला सांगते, याकडे बघू नको म्हणून.
"का? बरोबर बोलतोय तो.
चूकच आहे.
तिची आहे."

दुसऱ्या पहाटे ठोकळ्यावर तीच टोपी.
जुन्या काड्या रात्रभर भिजवलेल्या,
निम्म्या तुटल्या; तिथे नव्या जोडल्या.
सहा ओळी झाल्यावर पडद्याने आपणहून
एक निळी रेघ ओढली :
इथपर्यंत एकेचाळीस. इथून एकोणतीस.
मी ती पुसायला गेले.
"असू दे," म्हणाला, "विकायची कुणाला आहे?"

थोड्या वेळाने, मान वर न करता :
"भिंग जरा डावीकडे घे.
ती चौकट राहू दे कोपऱ्यात."

घेतलं.
ओलावा ऐंशी. अजून तासभर आहे.